मायचा सुन्न पाय

आधीच सांगते, भुताखेतांच्या भानगडीत मी कधी पडले नाही. दाराला बांधायला आणलेलं लिंबू मी खुशाल पोह्यांवर पिळते, सासूबाई कितीही ओरडोत! तरी हे लिहितेय... कारण हे माझ्या डोळ्यांदेखत झालंय.

आम्ही कुरुंद्याचे, हळदवाले. गेल्या वर्षी हिंगोलीत मायचा उजवा गुडघा बदलला. नंतर दुखू नये म्हणून डॉक्टरांनी नसेजवळ सुन्न करणारं इंजेक्शन दिलं — नर्व्ह ब्लॉक. "उद्यापर्यंत पाय बधिर राहील, घाबरू नका," म्हणाले. न घाबरेल तर ती माय कसली!

"पाय मेला माझा," म्हणून रडायलाच लागली. "काहून आणलं गं मला इथं? आता मी उठत न्हाई." डॉक्टरांनी तळव्याला बर्फ लावून पाहिला, तिला काहीच कळेना. दुसऱ्या दिवशी उभी राहिली नाही तर नवा गुडघा आखडणार होता. माझा जीव टांगणीला लागला.

दुपारी खोलीत आम्ही दोघीच. मी मोसंबी सोलत होते. अचानक माय लाजून म्हणाली, "आवं, सोडा की... पोरगी बघून राहिली."

मी वळले. पायाशी कुणी नव्हतं. पण सुजलेल्या तळव्यावर अंगठ्याएवढा खळगा पडत होता, बुजत होता, जरा पुढं पुन्हा पडत होता — टाचेकडून बोटांकडे.

"कोण गं माय?"

"तुझे अण्णा, दुसरं कोण! दार लाव आधी, लोकं काय म्हनतील."

अण्णा म्हणजे माझे वडील. जाऊन बरीच वर्षं झाली. चारचौघांत मायशी धड बोलायचेही नाहीत. पण हळद शिजवायच्या दिवसांत तिचे पाय भरून आले की हा माणूस दार लावून तिचे तळवे दाबायचा, हे मला तेव्हा मायकडून कळलं. नवऱ्यानं बायकोचे पाय दाबले म्हणून गावभर हसू झालं असतं ना! मी गुपचूप दार लावलं. हसू की रडू, कळेना.

नंतर डॉक्टरांनी पुन्हा बर्फ लावला. माय ढिम्म! पायाला कुणी हात लावल्यासारखं तिला वाटलं, असं मी सांगितलं तर "मेंदूला कधीकधी भास होतो," म्हणाले. बरं, मायच्या मेंदूला झाला असेल. मग खळगे मला कसे दिसले?

दुसऱ्या दिवशी मात्र माय वॉकर धरून उभी राहिली, चार पावलं चाललीही.

आता डाव्या गुडघ्याची वेळ आलीय. परवा डॉक्टर म्हणाले, "मावशी, मागं तुम्ही फार घाबरलात. यावेळी ते इंजेक्शन नको, गोळ्यांवर भागवू."

"न्हाई न्हाई, ते सुन्न करायचंच द्या," माय घाईघाईनं म्हणाली. "तकलीफीचं काही न्हाई वो, ती मी सोसंन."