भरताचा फोटो टाकला नाही, त्याचं कारण

मंडळी, आप्पांनी काल ग्रुपवर वांग्याच्या भरताची कृती टाकली, तसं भरीत आज मी केलं. पण फोटो टाकायची लाज वाटते.

आठ दिवसांपूर्वी बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून स्वयंपाक माझ्याकडे आहे. तुमच्याच कृती वाचून करतो. आप्पांनी लिहिलं होतं, गॅसवरच्या वांग्याला चव नाही, पऱ्हाटीच्या जाळावर भाजा. मी शेतातून कपाशीच्या वाळलेल्या काड्या आणल्या आणि दारापुढेच जाळ केला. डॉक्टरांनी धूर लागू देऊ नका म्हणून बजावलं होतं. मला ते आठवत होतं. थोड्या धुराने काय होतं, असं मनाशी म्हटलं.

फोटो काढून घरात गेलो तर ती पदर तोंडावर धरून बसलेली. डोळा लाल, पाणी वाहतंय.

"आवाज का नही दिधा?" मी विचारलं.

"दोनदा दिधा. तुम्ही फोनमा व्हतात. आते पहिले फोटू टाका, तुमना दोस्त वाट देखी ऱ्हायनात."

दवाखान्यात फोन केला. थेंब टाका आणि सकाळी घेऊन या, म्हणाले. तेव्हापासून मी सारखा विचारतोय, दिसतं ना? ती म्हणते, दिखस, बसा आते.

धूर कसा लागला हे डॉक्टर उद्या विचारतीलच. ती म्हणते, शेजारी कचरा पेटला होता असं सांगू. माझ्यासाठी ती खोटं बोलायला तयार आहे. तुमची वाहवा मिळावी म्हणून मी तिच्या डोळ्याचा विचार केला नाही.

डॉक्टरांपुढे जीभ अडखळेल, म्हणून खरं आधी इथे लिहिलं. तुम्ही माझ्या जागी असता तर तिच्याशी आज काय बोलला असता?