‘गाठही वाचली’ असे छापणाऱ्या बाई

डॉ. सुमन इंगवले यांची आणि माझी पहिली भेट महाविद्यालयातल्या त्यांच्या प्रयोगशाळेत झाली. कागलजवळच्या खेड्यातून एम.एस्सी. होऊन मी संशोधनासाठी आले होते. उत्तरे पुस्तकी मराठीत पाठ करून ठेवली होती. बाईंनी एकच विचारले, “उंदरांना भितीस काय?” माझ्या तोंडून निघून गेले, “न्हाई की!” आणि मी जीभ चावली. बाई मनापासून हसल्या. “मग उद्यापास्नं ये,” म्हणाल्या. त्या स्वतः मंगळवार पेठेतल्या. परिषदेत निबंध वाचताना त्या प्रमाण मराठी किंवा इंग्रजी बोलत, पण प्रयोगशाळेत पेठेचीच बोली चाले.

कर्करोगाच्या गाठीवर किरणांचे उपचार देतात, त्याला आपल्याकडचे रुग्ण ‘शेक’ म्हणतात. किरण गाठीला मारतात, पण शेजारच्या निरोगी पेशींनाही सोडत नाहीत. पेशीतल्या पाण्यावर किरण पडले की तिथे अस्थिर रेणू तयार होतात आणि ते पेशीची मोडतोड करतात. ते रेणू टिपून घेणारी काही रसायने आहेत. त्यांतले एक गंधकयुक्त औषध रुग्णालयात वापरलेही जाते, पण त्याने उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. शरीराला सोसेल असे काही झाडपाल्यात सापडेल का, हा बाईंच्या आयुष्यभराच्या कामाचा विषय.

जोतिबाच्या डोंगराच्या उतारावरच्या एका झुडपाने आम्हाला आशा दाखवली. त्याचे नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. लोक लगेच पाला तोडू लागतील, हे बाईंना चालणार नाही. पाने गोळा करायला गेलो की आम्ही दत्तूमामांच्या नारळ-गुलालाच्या दुकानात चहा घ्यायचो. अर्क दिलेले उंदीर किरणांच्या माऱ्यातूनही टिकले, तेव्हा वर्तमानपत्रात बाईंचा फोटो आला. शाहूपुरीतले एक व्यापारी अर्काच्या बाटल्या काढायला निघाले. बाईंनी त्यांना चहा पाजला आणि सांगितले, “गाठ असलेल्या उंदरावर अजून बघितलं न्हाई. थांबा.”

ते बघितले, आणि आमची तोंडे उतरली. अर्क दिलेल्या उंदरांच्या निरोगी पेशी वाचल्या होत्या, पण गाठही वाचली होती. किरणांनी ती जेवढी आक्रसायला हवी होती, तेवढी आक्रसलीच नव्हती. कित्येक वर्षांचे काम होते ते. मला रडू आले. बाई मात्र खुर्चीतून उठून म्हणाल्या, “दत्तूमामाला शेक चालू हाय न्हवं?”

मामांना घशाचा कर्करोग झाल्याचे आम्हाला कळले होते. बाईंच्या मनात आलेली शंका माझ्या डोक्यातही आली नव्हती. आम्ही तडक डोंगर गाठला. शंका खरी निघाली. मामा रोज सकाळी त्याच पाल्याचा काढा पीत होते आणि उरलेला शेक सोडून द्यायच्या विचारात होते.

“तुम्हीच की शोधून काढलाय,” मामा बसलेल्या आवाजात म्हणाले. “पेपरात फोटू हाय तुमचा.”

“व्हय, मीच. म्हणून तर बंद करा म्हणायला मीच आलोय.”

“म्हणजे पाला खोटा?”

“पाला खरा हाय. पर त्यो आपलं-परकं वळखत न्हाई. तुमच्या घशाला राखतोय आणि गाठीलाबी राखत असंल. उंदरात दिसलंय. माणसात काय हुतंय, मला ठाऊक न्हाई. ठाऊक न्हाई तवर तुम्ही पिऊ नका.”

मामी दारात उभ्या होत्या. त्यांनी चुलीवरचे पातेले उचलले आणि काढा अंगणात ओतून दिला. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः मामांना घेऊन डॉक्टरांकडे गेल्या आणि सगळे सांगितले. शेक पुढे चालू राहिला. मामांच्या तोंडात फोड आले, गिळता येईना. बाई घरून तांदळाची मऊ पेज करून न्यायच्या आणि शेजारी बसून राहायच्या. मामा बरे झाले. आवाज तेवढा घोगरा राहिला. त्याच आवाजात ते आजही दुकानावरून यात्रेकरूंना हाका मारतात.

काही हितचिंतकांनी बाईंना सुचवले होते, की गाठीचा भाग छापू नका, नाव जाईल. बाईंनी तो निबंधाच्या पहिल्याच परिच्छेदात घातला. नाव गेले नाही. निरोगी पेशीला राखणारा पण गाठीला न राखणारा पदार्थ शोधायचा, तर चाचणी कुठून सुरू करायची, हे त्या निबंधाने आम्हाला शिकवले. आज आमच्या प्रयोगशाळेत कोणताही नवा अर्क आला, की तो आधी गाठ असलेल्या उंदरावर तपासला जातो. “आम्ही इंगवलेबाईंचे विद्यार्थी” असे आम्ही जिथे जाऊ तिथे ताठ मानेने सांगतो.

बाई, पंचाहत्तरी पूर्ण करताना तुमची तब्येत ठणठणीत आहे, हा आमचा मोठा आनंद. ती अशीच राहो. आमचा एखादा प्रयोग साधला, की आम्ही आजही तुमच्याकडेच धावत येतो. तेव्हा चष्मा वर सारून “आणि एकदा करून बघ की” असे म्हणायला तुम्ही आम्हाला शंभरीपर्यंत, आणि जमले तर त्याच्याही पुढे, हव्या आहात.