तिसऱ्याचा विमा

तंजावुरात भांडवलशाहीवर मनापासून प्रेम करणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो माझ्या समोरच्या घरात राहत होता. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे ड्रॉइंग मास्तर म्हणत. जन्मभर त्यांनी शाळेतल्या पोरांकडून केळ्यांच्या घडाचं चित्र काढून घेतलं आणि निवृत्त झाल्यावर हातात पडलेली पुंजी उचलून शेअरमध्ये घातली. विम्याचा धंदा तेव्हा नुकताच खाजगी कंपन्यांना मोकळा झाला होता. मद्रासच्या एका जुन्या कंपनीनं परदेशी भागीदार गाठून विम्याचं दुकान थाटलं, तर मास्तरांनी त्या जुन्या कंपनीचेच शेअर घेतले. बाकीची गल्ली पोस्टाच्या बचत खात्यापलीकडे कधी गेली नव्हती. मास्तरांचं म्हणणं असं की देश श्रीमंत होणार म्हणजे गाड्या वाढणार, गाड्या वाढल्या की त्या कुणाला तरी धडकणार, आणि धडक बसलेला माणूस यापुढे नशिबाला बोल लावून घरी जाणार नाही, भरपाई मागणार. तेव्हा गाडीवाल्याला कायद्यानं घ्यावाच लागतो तो जबाबदारीचा विमा, यासारखा धंदा नाही. "पहिला गाडीवाला, दुसरी कंपनी, तिसरा तो ज्यास लागलें," ते बोटांवर मोजून सांगत. "अस्का धंदा त्या तिसऱ्यासाठीं आहे." आमच्या तंजावुरी मराठीत सगळ्याला अस्का म्हणतात.

इथपर्यंत ठीक होतं. पण शेअर घेतला म्हणजे कंपनी आपली झाली, हे मास्तरांनी जरा जास्तच मनावर घेतलं. गावातला प्रत्येक अपघात आपल्या खिशातून जातो असं त्यांना वाटू लागलं. सकाळची कॉफी झाली की छत्री घेऊन ते राजवाड्याच्या वळणावर उभे राहत आणि येईल त्या स्कूटरसमोर छत्री आडवी धरत. "विमा कुठला?" आपल्या कंपनीचा असला की ब्रेक दाबून बघणं, टायर चाचपणं आणि वेगावर एक छोटं व्याख्यान. सरकारी कंपनीचा असला की छत्री बाजूला करून म्हणत, "जा, कसेंही जा." एका बँकेच्या मॅनेजरचा हॉर्न वाजत नव्हता, तर मास्तरांनी त्याला हाताला धरून मेकॅनिककडे नेलं आणि हॉर्न वाजेपर्यंत तिथंच बसवून ठेवलं. वळणावरचा पोलीस तर त्यांना वरून कुठून तरी नेमलेलं समजून सलाम ठोकायचा. मास्तरांच्या बायको, आमच्या काकू, ओट्यावरून हे पाहत असत. "कंपनीचे मालक रस्त्यावर उभे राहतात," त्या मला ऐकवायच्या, "आणि घरांतला नळ गळते, त्यास मालक कोण?"

मग कापणीच्या दिवसांत ती गोष्ट घडली. तंजावुराजवळच्या पापनाशमच्या रस्त्यावर शेतकरी भाताच्या पेंढ्या पसरून ठेवतात. बस-लॉऱ्या वरून जातात आणि मळणी फुकटात होते. त्या पेंढ्यांत एक स्कूटर घसरली आणि कडेला धान्य पाखडत बसलेल्या एका बाईंवर गेली. त्यांचा पाय मोडला. स्कूटरचा विमा नेमका मास्तरांच्या कंपनीचा निघाला. मास्तर त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन, पिशवीभर संत्री घेऊन ते पापनाशमच्या इस्पितळात गेले आणि खाटेशेजारी उभं राहून तमिळमध्ये म्हणाले की मी कंपनीचा मालक. बाईंनी त्यांच्या ठिगळ लावलेल्या छत्रीकडे पाहिलं. भरपाई यायची तेव्हा येईल, त्या म्हणाल्या, पण आमच्या गावाला खळं नाही म्हणून आम्ही रस्त्यावर बसतो. मालक खळं बांधून देतील का?

घरी आल्यावर मास्तरांनी जाहीर केलं की मद्रासला कंपनीच्या वार्षिक सभेत हा प्रश्न मांडणार. काकूंनी अट घातली की सभेत लोक हसले तर शेअर विकायचे आणि वळणावर उभं राहणंही बंद. मास्तरांनी मान डोलावली, पण मद्रासच्या गाडीत मी शेजारी होतो, रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही आणि काकूंनी दिलेला चिंचभात तसाच राहिला. इतकी वर्षं मालक म्हणून मिरवलेला माणूस आपण खरंच मालक आहोत का, हे बघायला निघाला होता.

सभागृह गारेगार होतं. बरीचशी मंडळी मिठाईच्या पुडक्यासाठी आलेली आणि बाकीची लाभांशावर भांडत होती. मास्तर छत्रीसकट उभे राहिले आणि तमिळमध्ये पेंढ्यांबद्दल बोलू लागले. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं, मग दहाजण हसले. मी डोळे मिटून घेतले. पण मास्तरांनी वर्गात जसं केलं असतं तसंच केलं. हसणं संपेपर्यंत ते गप्प उभे राहिले. मग म्हणाले, "मोडलेल्या पायाचे पैसे भरण्यापेक्षा खळं बांधणं स्वस्त पडतं. आणि समजा नाही पडलं, तरी पाय मोडत नाही. मी मालक आहे, म्हणून सांगतो." अध्यक्षांनी चष्मा काढला आणि गावाचं नाव विचारलं. टाळ्या सुरू झाल्या त्या मागच्या रांगांमधून, आणि मी तर उभा राहून वाजवल्या.

लोक हसले हेही मी काकूंना सांगितलं, पण टाळ्यांचं ऐकल्यावर त्यांनी अटीचं नाव काढलं नाही. पुढच्या कापणीआधी कंपनीच्या खर्चानं पापनाशमच्या रस्त्याला लागून सिमेंटचं लांबरुंद खळं तयार झालं. त्या बाई काठी टेकत आल्या आणि भाताची पहिली ओंजळ त्यांनी मास्तरांच्या हातून टाकून घेतली. मास्तर हार घालून असे उभे होते की राजवाडासुद्धा त्यांनीच बांधलाय असं वाटावं. येताना बसमध्ये कंडक्टरपुढे काकूंनीच हात केला. "दोन तिकिटें," त्या म्हणाल्या. "मालक आणि मालकीण."

आता मास्तर नाहीत. शेअर मात्र काकूंनी विकले नाहीत. माझ्या स्कूटरचा विमा पहिल्यापासून सरकारी कंपनीचा. मास्तरांना मी ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी ते रोज सकाळी माझ्यापुढे छत्री आडवी धरत, टायर चाचपत आणि म्हणत, "सावकाश जा रे." अजूनही त्या वळणावर माझा हात आपोआप ब्रेकवर जातो. छत्री आडवी येत नाही. फार वाईट वाटतं, आणि मी सावकाश जातो.