खांडीपर्यंत उलटी ट्रॉली

मला ट्रॅक्टर चालवता येतो, हे लग्नानंतर दोन वर्षं सासरी कोणाला ठाऊक नव्हतं. मी लपवलं नव्हतं. कोणी विचारलं नाही, आणि नवी सून आपणहून असलं काही सांगत नाही.

माझं माहेर रोह्याच्या अलीकडे, निडीला. वडिलांनी जुना ट्रॅक्टर आणि दोन चाकांची ट्रॉली घेतली होती. एका वर्षी ते पेंढ्याच्या उडवीवरून पडले आणि त्यांच्या मानेला पट्टा लागला. पुढे बघून ते ट्रॅक्टर चालवायचे, पण मान वळत नसल्यामुळे ट्रॉली मागे घेता येईना. तेव्हा त्यांनी मला बोलावलं. मी कॉलेजचं पहिलं वर्ष संपवून घरी बसले होते.

"पुढं न्यायला मी हाय," ते म्हणाले, "मागं घ्यायला तू शिक."

उन्हाळ्यात, भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात त्यांनी दोन काठ्या रोवल्या आणि त्यांच्या मधून ट्रॉली मागे घ्यायला सांगितलं. चार दिवस ट्रॉलीने माझं ऐकलं नाही. मी स्टेअरिंग उजवीकडे फिरवावं आणि तिने डावीकडे जावं, आणि बघता बघता तिने ट्रॅक्टरशी काटकोन करून उभं राहावं. पाचव्या दिवशी वडील मडगार्डवर चढून बसले आणि माझे हात स्टेअरिंगच्या वरच्या बाजूवरून काढून खालच्या बाजूला ठेवले. "हितं धर. आता हात जिकडं नेशील तिकडं ट्रॉलीचं शेपूट जाईल. आणि जरा वाकली की लगेच पुढं घे, सरळ कर, मग परत मागं. लाज वाटून घेऊ नको."

पुढच्याच खेपेला ट्रॉली दोन्ही काठ्यांच्या मधून गेली. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी जेवायलासुद्धा खाली उतरले नाही. वडील बांधावरून डिझेल संपेल म्हणून सांगत होते आणि मी पुन्हा पुन्हा मागे जात होते. त्या वर्षी रोह्याच्या भातगिरणीच्या बोळात आमच्या पोत्यांची ट्रॉली मी मागे घेऊन लावली.

मग लग्न झालं आणि मी पेणच्या खाडीकाठी आले. इथे शेताच्या पलीकडे खाडी, आणि दोन्हींच्या मध्ये मातीचा उंच बांध. भरतीचं पाणी हा बांधच अडवतो. तो फुटला की त्याला खांड पडली म्हणतात. खारं पाणी एकदा शेतात शिरून राहिलं की पुढची दोन-तीन वर्षं तिथे भात होत नाही.

दिवाळीच्या आधीच्या अमावास्येला तेच झालं. भात पिकून पिवळं झालं होतं, चार दिवसांत कापणी. उजाडताना सासरे बांधावरून धावत आले. "खांड पडली. ट्रॉलीभर रुंद हाय. आता सुकती हाय, दुपारी भरती यायच्या आत बुजली पायजे."

नवरा रामवाडीच्या फाट्यावरून पहिल्या शिफ्टच्या गाडीने केव्हाच कंपनीत गेला होता. गाव मात्र सगळं निघालं. रस्त्याच्या कामासाठी टाकलेला दगडांचा ढीग गावाच्या टोकाला होता. तिथून खांडीपर्यंत बांधावरून दोन-अडीचशे पावलं. डोक्यावरून दगड नेले असते तर दुपार तिथेच झाली असती. दिरांनी आमचा ट्रॅक्टर काढला. पण बांधावर वळायला जागा नव्हती. दगड खांडीत पडायचे तर ट्रॉली पुढे आणि ट्रॅक्टर मागे, म्हणजे सगळी वाट उलटं जायला हवं होतं.

दीर चालवायचे चांगलं, पण नेहमी सरळ रस्त्यावर. पहिल्या वीस पावलांतच ट्रॉली तिरपी झाली आणि तिचं एक चाक बांधाच्या कडेवरून घसरलं. सगळे एकदम ओरडायला लागले. कोणी डावीकडे म्हणे, कोणी उजवीकडे. दिरांनी कशीबशी ती पुढे ओढून काढली. पुन्हा घेतली, पुन्हा तिरपी. तिसऱ्यांदाही तसंच झालं, तेव्हा ते खाली उतरले.

मी बायकांबरोबर पाटीत दगड भरत होते. पाटी खाली ठेवली आणि सासऱ्यांकडे गेले.

"आबा, मी घेते मागं."

सासूबाई म्हणाल्या, "गो, तुला येतं?"

"व्हय. माहेरी मीच घ्यायची."

दीर पुढे आले. त्यांनी चावी माझ्या हातात दिली.

मी पदर खोचला आणि वर चढले. हात स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला गेले तशी मी बरीच शांत झाले. "ट्रॉली अर्धीच भरा," मी म्हटलं. "आणि सगळ्यांनी बोलू नका. आबा एकटेच मागं उभे राहतील, हात दाखवतील."

दोन्ही चाकांबाहेर वीतभर बांध, त्याच्या एका बाजूला खाडीचा चिखल आणि दुसऱ्या बाजूला उभं भात. मान मागे वळवून मी ट्रॉलीचं शेपूट आणि आबांचा हात एवढंच बघत होते. ट्रॉली जरा वाकली की पुढे, सरळ, मग पुन्हा मागे. अर्ध्या वाटेवर डाव्या चाकाखालची ढेकळं सुटून चिखलात पडली. मी हातभर पुढे घेतली आणि पुन्हा निघाले. मग एकदम आबांचे दोन्ही हात वर झाले. मी खांडीच्या तोंडाशी होते. माणसांनी ट्रॉलीचा मागचा फाळका सोडला, मी लिव्हर ओढून ट्रॉली उचलली आणि दगड धडाधड खाली गेले. तो आवाज ऐकून मला हसूच फुटलं.

दुसरी खेप पहिलीपेक्षा भरभर झाली. तिसऱ्या खेपेला ट्रॉली सरळ करायला पुढे घ्यावी लागलीच नाही. बाया दगड भरत होत्या, पुरुष दगडांवर पेंढा आणि चिखलाची पोती रचत होते, आणि मी पुढे-मागे, पुढे-मागे. पाचव्या खेपेला खांडीच्या तोंडाशी बांध खचला. ट्रॉलीचं शेपूट खाली गेलं आणि माझी सीट वर उचलल्यासारखी झाली. मी ब्रेक दाबून धरला.

"फाळका सोडा, हितंच," मी ओरडले. "हातानं ढकला."

दगड उतरले तसा माझ्याखालचा ट्रॅक्टर परत जमिनीवर टेकला. मी ट्रॉली पुढे ओढून घेतली तोवर दीर धावत आले. मला वाटलं, आता उतरा म्हणतील. त्यांनी खचलेल्या जागी दोन फळ्या टाकल्या, पायाने दाबून बघितल्या आणि म्हणाले, "वहिनी, या मागं. धरतील."

फळ्यांनी धरलं. एकूण नऊ खेपा झाल्या. नववी रिकामी होत होती तेव्हा खाडीचं पाणी वळून चढायला लागलं होतं. भरती दगडांवर चढली, पेंढ्यातून दोन-तीन ठिकाणी झिरपली. तिथे माणसांनी चिखल दाबला. दुपारी पाणी बांधाच्या वीतभर खाली येऊन थांबलं आणि मग हळूहळू उतरायला लागलं. आदल्या रात्रीच्या भरतीत खालची चार शेतं खारावली होती. बाकी सगळं भात वाचलं.

मी ट्रॅक्टरवरून उतरले. सासूबाईंनी चहाचा पेला स्वतः आणून माझ्या हातात दिला.

नवरा दुपारी रामवाडीला उतरला तेव्हा टपरीवर त्याला आमच्या गावचा माणूस भेटला. "तुझ्या बायकोनं बांधावरून ट्रॉली उलटी नेली," तो म्हणाला. नवऱ्याला थट्टा वाटली. घरी येऊन त्याने मला विचारलं, "कोणी नेली?"

"मीच," मी म्हटलं.

त्याने डबा खाली ठेवला. "मला एवढ्या दिवसांत सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाही."

पुढच्या आठवड्यात कापणी झाली आणि शेत मोकळं झालं. एका सकाळी दीर चावी घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. त्यांनी शेतात दोन बांबू आधीच रोवून ठेवले होते.