रेस्ट डेचं धुणं

आमच्या हॉस्पिटलातल्या भूल देणाऱ्या डॉक्टर, आमच्या ताई, त्या दिवशी नसत्या, तर मी नॉटिंगहॅमला परत कसा पोचलो असतो, देव जाणे. म्हणून आधी त्यांचं नाव काढतो.

मी त्याच हॉस्पिटलच्या लाँड्रीत होतो. पंधराव्या वर्षी वडिलांकडे इंग्लंडात आलो, सोळाव्या वर्षी शाळा सोडली. आई मिरजेलाच राहिली. हॉस्पिटलचा सायकल ग्रुप दर उन्हाळ्यात फ्रान्सला जायचा, तंबू वगैरे घेऊन. "चल रे, नुसते कपडे धूत म्हातारा होशील," म्हणत ताईंनी मला ओढून नेलं. सायकलही त्यांचीच.

नदीकाठच्या एका खेड्यात रेस्ट डे आला. सगळे गवतावर आडवे. मला मात्र रिकामं बसवेना. गावात धुण्याची जुनी जागा होती, छपराखाली दगडी टाकी, कडेला उतरता दगड. अगदी आपल्याकडच्यासारखा. मी सगळ्यांचे घामट कपडे गोळा केले.

लाँड्रीतला पहिला धडा म्हणजे खिसे तपासणं. डॉक्टरांच्या कोटातली पेनं मी रोज काढायचो. त्या दिवशीही एकेकाचा खिसा उलटा करून पाहिला. माझी बंडी तेवढी तपासली नाही, कारण तिला खिसा दिसतच नव्हता. निघताना आईने शिकवल्याप्रमाणे मी आतून चोरखिसा शिवला होता, तेच विसरलो. दगडावर आपटताना हाताला काहीतरी टणक लागलं.

पासपोर्ट.

ब्रिटनमध्ये राहायच्या परवानगीचा शिक्का त्यातच होता. त्याची जांभळी शाई ओघळायला लागली होती. मी ओल्या हातांनी धावत कँपवर आलो.

"राहा इथेच," हॉस्पिटलात स्ट्रेचर ढकलणारा आमचा पोर्टर पडल्या पडल्या म्हणाला, "जेवण तरी बरं मिळेल."

सगळे हसले. मी चिकटलेली पानं सोडवायला लागलो. ताई पोहायला निघाल्या होत्या, खांद्यावर टॉवेल. त्यांनी तो खाली टाकला.

"आण इकडे. पानं ओढू नकोस, फाटतील."

"ताई, डोव्हरच्या बंदरावर इंग्लंडात घेतील ना मला?"

"आधी वाळू दे. रडायचं असेल तर लांब जाऊन रड, त्यावर पाणी नको."

त्यांनी पानापानात टॉयलेट पेपर घातला. वर्तमानपत्र नको म्हणाल्या, त्याची शाई उतरेल. मग स्टीलच्या पातेल्यात उकळतं पाणी घेऊन त्याचं बूड कागदावरून हलक्या हाताने फिरवलं. लहानपणी शाळेचा गणवेश असाच तांब्याने इस्त्री करायच्या म्हणे. पाणी निवलं की मी पुन्हा तापवायचो, त्या कागद बदलायच्या. बाकीचे पोहून आले, जेवले, झोपले. ताई उन्हं उतरेपर्यंत तिथेच मांडी घालून बसल्या होत्या.

डोव्हरच्या अधिकाऱ्याने फुगलेली पानं उलटली, शिक्का उजेडात धरला. "काय केलंस रे याचं?"

"धुतला, साहेब."

त्याने ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान डोलावली. त्याने नवा शिक्का मारून मला सोडलं. दुसऱ्या दिवशी मी कामावर, ताई थेट ऑपरेशन थिएटरात.

तो रेस्ट डे त्यांचा होता, तो मी खाल्ला. त्या रिटायर झाल्या की मी त्यांना अशाच एखाद्या नदीवर नेणार आहे. धुणं मी करीन, स्वयंपाकही मीच. त्यांनी पोहायचं, बस.