सौम्य गरम हवा

माझ्या पहिल्या गाडीचा हीटर मी वरचेवर दुरुस्त करायचो. माझ्या दुरुस्तीने तो एकदाही चालला नाही, हा भाग वेगळा.

तेव्हा आम्ही कासार आंबोलीत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. मोबाइलवर बोलायचं तर गच्चीवर जावं लागायचं, ते दिवस. सोलापूरहून माझे वडील, अण्णा, छातीच्या दुखण्यावर उपचारांसाठी आले होते. दर आठवड्याला सकाळी लवकर पुण्यातला दवाखाना गाठायचा होता. थंडीपासून जपा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून मी जुनीच, पण हीटरवाली गाडी घेतली आणि तिचे गुण अण्णांना आठवडाभर ऐकवले.

पहिल्याच फेरीत हीटरमधून मुळशीचा डिसेंबर जसाच्या तसा आत आला.

मी बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी भरलं. (बॉनेट उघडलं की माणूस आपोआप जाणकार दिसतो.) "आता येतंय का गरम?" मी विचारलं. अण्णांनी जाळीपुढे हात धरला, जरा विचार केला आणि म्हणाले, "येतंय की. सौम्य येतंय."

पुढच्या आठवड्यात मी हीटरच्या खटक्याची सैल तार घट्ट बांधली. त्यानंतर फ्यूज बदलला. दर वेळी अण्णा समाधानाने मान हलवायचे. मागे बसलेली माझी बायको, सुनंदा, तर मला उकडतंय म्हणाली. मी खात्री करायला अण्णांच्या शालीला हात लावला, तर शाल खरोखर उबदार. ऑफिसात मी दोघा सहकाऱ्यांना हीटर दुरुस्तीवर सल्ले दिले.

मग एका सकाळी फाट्यावर एसटी चुकलेल्या एका मावशींनी हात केला. त्यांना पिरंगुटला जायचं होतं. त्यांच्याजवळ भाजीचं मोठं गाठोडं, म्हणून अण्णा आग्रहाने मागे गेले आणि मावशी पुढे बसल्या. जरा वेळाने त्यांनी पदर कानांवरून घट्ट ओढून घेतला.

"दादा, एवढ्या थंडीत ह्यो गार वारा कशापायी सोडलाय?"

मी म्हणालो, तो हीटर आहे, गरम हवा येते.

"ही गरम?" त्यांनी मागे वळून पाहिलं. "मंग त्ये म्हातारबाबा कुडकुडत्यात कशानं?"

मी गाडी बाजूला घेतली. अण्णांनी अपराध्यासारखी शाल बाजूला केली. आत गरम पाण्याची रबरी पिशवी होती. सुनंदा दर फेरीला ती भरून द्यायची.

"तू एवढी खटपट करत होतास," अण्णा म्हणाले, "तुला नाही कसं म्हणायचं?"

मला हसू आलं. मी हीटरचा पंखा बंद केला. केवळ तेवढ्यानेच गाडी निम्मी गरम झाली.

त्याच दिवशी गाडी गॅरेजात नेली. इंजिनातलं पाणी तापेपर्यंत अडवून धरणारी थर्मोस्टॅट नावाची झडप आधीच्या मालकाने काढूनच टाकली होती. त्यामुळे पाणी नीट तापतच नव्हतं. नवी झडप बसवली.

पुढच्या फेरीला मी विचारलं, "कसं वाटतंय?"

अण्णा म्हणाले, "छान." सुनंदा म्हणाली, "मस्त."

मी त्या दोघांवर मुळीच विश्वास ठेवला नाही. फाट्यावर गाडी थांबवली आणि पिरंगुटला कुणाला यायचंय का, असं रांगेतल्या प्रत्येकाला विचारत बसलो.