शवासनातली पळापळ

चहाचा कप आधी खाली ठेवा, कारण हे ऐकताना सांडला तर मी जबाबदार नाही. योगाच्या वर्गात मी जी माती खाल्ली ना, तशी अख्ख्या बुऱ्हाणपुरात कोणी खाल्ली नसेल!

आमच्या घरात आठ पावरलूम. दिवसरात्र खटॅक-खटॅक! त्या आवाजात मी ढाराढूर झोपतो. पण लाइट गेली, लूम थांबले, की ताडकन जागा. शांतता म्हणजे कामाचा खोळंबा, हे तीस वर्षांत अंगात मुरलंय. आमच्या गल्लीत सगळ्यांचंच असं आहे.

तर झालं काय, माझा रक्तदाब वाढला आणि चिडचिडही वाढली. शेवटी आमच्या सौ. सुमननं बजावलं, "महिनाभर योगा करा, नाही तं मी चालली फोपनारला, माहेरी!"

ती गेली तर माझे तर हालच! निमूट वर्गाला जायला लागलो.

शिकवायला इंदूरच्या मॅडम, नुकत्याच गावात आलेल्या. खोटं कशाला बोलू, आठ दिवसांत कंबर मोकळी झाली, जिना चढताना धाप लागेना. पण मॅडम रोज म्हणायच्या, "आता मनाला शांती मिळेल," आणि मला काही ती मिळेना! असते तरी कशी ही शांती? गार लागते का? कुठून सुरू होते, डोक्यातून की पोटातून? मी विचारलंच.

"मॅडम, ती आली हे कळतं कसं?"

"काका, तुम्ही वाट बघणं सोडा, मग येते."

"अन् मी वाट बघणं सोडलं, हे तिले कोण सांगते?"

मॅडमनी डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला.

नवव्या दिवशी शवासन होतं. ठरवलं, आज काय ते बघायचंच. पाय सैल, हात सैल, श्वास संथ... आणि खरंच हो, आतून फार बरं वाटायला लागलं. डोळा लागला. सगळीकडे शांत. एकदम शांत. इतकं शांत?

"लाइट गेली रे!" मी बोंबललो आणि दाराकडे धावलो.

एकटा असतो तर निभावलं असतं. पण वर्गात निम्मी आमचीच गल्ली! सगळी शवं एका झटक्यात उभी. मागून मॅडम ओरडतायत, "अहो, वर पंखा फिरतोय ना!" पण ऐकतो कोण? चटया तुडवत, अनवाणी, दहा-बारा जण रस्त्यावर!

घरी बघतो तर आठही लूम झकास चालू. मी स्टुलावर बसून घाम पुसला. तेवढ्यात मॅडम धापा टाकत आल्या. कुठे आग लागली, असं वाटलं होतं बिचारीला. त्यांनी मला निरखून पाहिलं आणि त्या खटखटाटात ओरडल्या, "काका, आत्ता चेहरा किती शांत दिसतोय तुमचा!"

सुमननं ते ऐकलं. मला दंडाला धरून बाहेर ओट्यावर आणलं.

"म्हणजे लूमजवळ काही सांगितलं तं तुम्हाले ऐकू येत नाही, अन् शांत जागी तुम्ही पळून जाता. मंग मी बोलू तं कुठं बोलू?"

खरं सांगतो, मला वाईट वाटलं. बिचारीनं तीस वर्षांत काय काय सांगितलं असेल, आणि मी नुसतीच मान हलवली असेल. काहीतरी गोड बोलावं म्हणून तोंड उघडलं, सुचेना, परत मिटलं. उभा राहिलो खाली बघत.

तशी ती मॅडमकडे वळली.

"मॅडम, बाकी सगळं शिकवा. पण हे मौन नका शिकवू. ते यांले लग्नापासून येतं."